देवाचे हात आधी बघा

जुन्या देवचित्रात गूढ खुणा शोधायला बसलं की ढगात ॐ दिसतो, झाडात चेहरा दिसतो आणि खरी खूण नजरेतून निसटते. बडोद्याच्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघताना तर हमखास, तिथे भिंतभर एवढी गर्दी!

१. फोटो काढू देत असतील तर काढा आणि घरी सावकाश मोठा करून बघा.

२. हातातल्या वस्तू क्रमाने लिहा: खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. विष्णूचं सगळं गुपित या क्रमातच आहे. शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल झाली की संध्यावंदनात म्हणतात त्या विष्णूच्या २४ नावांपैकी नाव बदलतं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. ग्रंथागणिक थोडा फरक पडतो, तेवढी सूट ठेवा.

३. मग वाहन आणि आसन. ढग, वेली, झालर शेवटी. बहुतेकदा ती निव्वळ सजावट असते.

सांभाळायचं एकच: उजवा-डावा देवाचा, आपला नव्हे. आशीर्वादाचा हात डावा दिसला तर फोटो उलटा झालाय का, ते आधी तपासा.