लॅपटॉप झोपतो पण उठत नाही? नेमका कुठं अडकतोय ते असं शोधा

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांची हळदीची अडत आहे. सीझनला सौदे सुरू झाले की दिवसभर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्या, करायच्या, मधेच कुणीतरी हाक मारतंय म्हणून उठायचं, उठताना लॅपटॉपचं झाकण खाली. आणि परत येऊन उघडलं की स्क्रीन काळा. पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागलाय, पण कशालाच दाद नाही. मग बटण दाबून धरायचं, आणि अर्धी झालेली पट्टी गेली. वजन, तोलाई, हमाली, अडत सगळं परत टाकायचं आणि शेतकरी बिचारा समोर बसून बघतोय. त्यात लिनक्स मी टाकून दिलेलं, त्यामुळं मामांनी फोन केला तो मलाच. शोधायला दोन रविवार गेले, पण त्यातनं जी पद्धत हाताला लागली ती आता कुठल्याही मशीनवर वापरतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो, लोकं इथं पहिल्यांदा काय करतात तर नेटवर सापडेल तो पॅरामीटर ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, टाकतात, नाही चाललं की दुसरा, असं करत करत दहा पॅरामीटर होतात आणि कशानं काय झालं तेच कळत नाही. तसं करू नका. सस्पेंड, म्हणजे लॅपटॉप झोपवणं, हे एका पाठोपाठ एक पायऱ्या उतरणं आहे. आधी सगळे प्रोग्राम गोठवले जातात, मग एकेक डिव्हाईस झोपवला जातो, मग मदरबोर्डच्या फर्मवेअरला, म्हणजे त्याच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरला, तयारीला लावलं जातं, मग एक सोडून बाकीचे सीपीयू कोअर बंद होतात, आणि शेवटी मशीन खरंच झोपतं. उठताना हेच उलट्या क्रमानं. डिव्हाईस झोपवतानाही क्रम असतो, आधी पोर आणि मग आईबाप, म्हणजे यूएसबी पोर्टला लावलेला माऊस आधी आणि तो पोर्ट चालवणारा कंट्रोलर नंतर, आणि उठताना आईबाप आधी. हे डोक्यात बसलं की मग प्रश्न एवढाच राहतो की कितव्या पायरीवर पाय घसरला.

कमांडी आणि फायलींची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात ती इंग्रजीतच टाईप करायची.

पहिलं बघायचं की मशीन खरंच मेलंय का फक्त स्क्रीन मेलाय. काळ्या स्क्रीनवर असताना कॅप्स लॉक दाबा, दिवा लागतोय-विझतोय म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, जिवंत आहे आणि दुखणं ग्राफिक्सचं आहे. त्याहून पक्कं करायचं असेल तर आधीच एसएसएच (दुसऱ्या मशीनवरनं आत शिरायची सोय) चालू करून ठेवा आणि मोबाईलवरनं टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप वापरून आत शिरता येतंय का बघा, शिरता आलं तर तिथनंच डीमेसेज (टाईप करताना dmesg), म्हणजे कर्नलचे संदेश, काढून घ्या, सगळं त्यात मिळेल. दिवाही हलत नसेल तर मशीन वाटेत कुठंतरी अडकलंय. बटण दाबून धरायच्या आधी आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं एकेक करत सावकाश दाबून बघा, सिसआरक्यू, म्हणजे कर्नलला थेट हुकूम द्यायची ही बटणांची सोय, चालू असेल आणि कर्नलला थोडीफार जान असेल तर डिस्कवरचं लिहून घेऊन मशीन नीट रीबूट होतं.

आता लॉग. जर्नलसीटीएल ला वजा बी वजा एक दिलं की मागच्या बूटचा लॉग दिसतो. इथं पुष्कळ जण फसतात. शेवटची ओळ 'पीएम: सस्पेंड एंट्री' अशी असते आणि त्यापुढं काहीच नसतं, म्हणून वाटतं की झोपतानाच मेलं. तसं नसतंय. त्यानंतर डिस्कच झोपवलेली असते, पुढचं लिहायचं कशावर? मशीन झोपलं, तीन तास नीट झोपलं, आणि उठताना मेलं तरी शेवटची ओळ तीच दिसणार. त्यामुळं त्या एका ओळीवरनं काहीही ठरवू नका.

मशीन कुठल्या प्रकारे झोपतंय तेही आधीच बघून घ्या. कॅट करून /सिस/पॉवर/मेम_स्लीप वाचा. त्यात एस२आयडल आणि डीप असे शब्द दिसतील आणि ज्याच्याभोवती चौकोनी कंस आहे तो सध्या लागू. डीप म्हणजे जुनं एसीपीआय या वीज सांभाळायच्या मानकातलं एस३, रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज काढली जाते. एस२आयडल म्हणजे मशीन वीज न तोडता नुसतं खोल शांत केलं जातं. नव्या बऱ्याच लॅपटॉपवर डीप दिसतच नाही, कारण फर्मवेअरच ते देत नाही, आणि तिथं ग्रबमध्ये कितीही डीप लिहिलं तरी उपयोग नाही.

आता मुख्य काम. कर्नलमध्ये यासाठीच एक सोय आहे, /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट. ही फाईल नसेल तर तुमचा कर्नल डीबगचा पर्याय बंद ठेवून बनवलाय, दुसरा टाकावा लागेल. वाचलीत तर त्यात नन, कोअर, प्रोसेसर्स, प्लॅटफॉर्म, डिव्हायसेस, फ्रीझर असे शब्द दिसतात. यातला एक निवडला की सस्पेंड त्या पायरीपर्यंतच जातं, ५ सेकंद थांबतं आणि माघारी येतं. खरी झोप लागतच नाही. आधी चालू काम सेव्ह करा, सिंक मारा म्हणजे सगळं डिस्कवर उतरतं. मग पीएम_टेस्ट मध्ये फ्रीझर लिहा आणि त्यानंतर /सिस/पॉवर/स्टेट मध्ये मेम लिहा. नीट परत आलं तर डिव्हायसेस, मग प्लॅटफॉर्म, मग प्रोसेसर्स, शेवटी कोअर. एस२आयडल वर असाल तर प्लॅटफॉर्मपर्यंतच जाता येतं, पुढच्या दोन पायऱ्या तिथं नसतात आणि कर्नल तसं सांगून नकार देतो, ती चूक समजू नका. प्रत्येक पायरी एकदाच करून पुढं पळू नका, आठ-दहा वेळा करा, कारण ही दुखणी पाचात एकदा येणारी पण असतात. आणि लिहिताना सुडो इको करून बाण देऊन चालत नाही, परमिशन नाही म्हणतं, कारण बाणाचं काम तुमचं शेल करतं आणि त्याला रूटचे, म्हणजे मशीनच्या मालकाचे, हक्क नसतात. इकोचा आऊटपुट पाईप करून सुडो टी (tee) ला द्या. सगळं झालं की पीएम_टेस्ट परत नन करायला विसरायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाकण लावल्यावर लॅपटॉप ५ सेकंदांत जागा होतोय म्हणून नवीनच शोध सुरू होतो.

फ्रीझरलाच अडलं तर कुठलातरी प्रोग्राम गोठायला तयार नाही. कर्नल २० सेकंद वाट बघतो आणि सोडून देतो, आणि कुठली प्रोसेस आडवी आली ते डीमेसेजमध्ये नावानिशी लिहितो. बऱ्याचदा नेटवर्कवरचं शेअर्ड फोल्डर जोडलेलं असतं आणि पलीकडचं मशीन कुणीतरी बंद केलेलं असतं.

मामांच्या मशीनवर फ्रीझर दहाच्या दहा वेळा पास. डिव्हायसेस लावलं आणि तिसऱ्या वेळी तोच काळा स्क्रीन. इतका आनंद झाला मला! कारण आता फर्मवेअर, सीपीयू हे सगळं बाजूला झालं, कुठलातरी एक डिव्हाईस आणि त्याचा ड्रायव्हर एवढंच उरलं.

पण डिव्हाईस तर शेकड्यानं असतात, त्यातला कुठला? लॉग डिस्कवर लिहिता येत नाही, स्क्रीन बंद, मग माहिती ठेवायची कुठं? यावर लिनस टोरवाल्ड्सनं २००६ साली जे डोकं लावलंय त्याला तोड नाही. मदरबोर्डवर घड्याळाची चिप असते, आरटीसी, तिला स्वतःचा सेल असतो आणि रीबूट केला तरी तिच्यातलं पुसलं जात नाही. तर प्रत्येक डिव्हाईसला हात लावायच्या आधी त्याच्या नावाचा हॅश, म्हणजे नावावरनं काढलेला छोटा आकडा, त्या घड्याळातच तारीख-वेळ म्हणून लिहून ठेवायचा. मशीन मेलं की घड्याळात शेवटचा हॅश शिल्लक. वापरायचं असं, /सिस/पॉवर/पीएम_ट्रेस मध्ये १ लिहा, मग वर सांगितलं तसं सस्पेंड करा, अडकलं की बटण दाबून बंद करून लगेच चालू करा. लगेच म्हणजे ३ मिनिटांच्या आत, कारण घड्याळ चालूच असतं आणि लिहिलेला आकडा पुढं सरकत राहतो. चालू झाल्यावर डीमेसेजमध्ये 'मॅजिक नंबर' शोधा, त्याच्या खाली 'हॅश मॅचेस' म्हणून डिव्हाईसचा पत्ता येतो. हे एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या, मशीनवरच चालतं.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, हॅश छोटा असतो, त्यामुळं कधी कधी दोन-तीन डिव्हाईस जुळतात, म्हणून दोनदा-तीनदा करून जो दरवेळी येतोय तोच धरा. दुसरी, आणि ही दुकानाच्या मशीनवर फार महत्त्वाची, सिस्टीमची तारीख पार बिघडते. हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तारीख बरोबर करून घ्या, नाहीतर पट्टीवर भलत्याच सालाची तारीख पडेल, आणि ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून एकही साईट उघडणार नाही.

आमच्याकडं तीनही वेळा एकच पीसीआय पत्ता आला. एलएसपीसीआय, म्हणजे कुठल्या पत्त्यावर काय आहे ते सांगणारी कमांड, मारून बघितलं तर मेमरी कार्डचा रीडर. मामांनी त्या खाचेत आजपर्यंत एकदाही कार्ड घातलेलं नाही. त्याचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, आरएममॉड करून काढलं आणि परत डिव्हायसेसची टेस्ट वीस वेळा लावली, वीसच्या वीस पास.

पत्ता लागत नसेल तर अजून एक करता येतं. /सिस/पॉवर/पीएम_असिंक मध्ये ० लिहा. नेहमी कर्नल वेळ वाचवायला पुष्कळ डिव्हाईस एकाच वेळी झोपवतो-उठवतो, ० केलं की एकापाठोपाठ एक करतो. तेवढ्यानं दुखणं गायब झालं तर समजायचं की दोन डिव्हाईस एकमेकांवर अवलंबून आहेत आणि कर्नलला ते नातं माहीत नाही. आणि मशीन उठतंय पण फार हळू उठतंय असं असेल तर पीएम_प्रिंट_टाइम्स मध्ये १ लिहा, कुठल्या डिव्हाईसला किती वेळ लागला ते लॉगमध्ये येतं.

झोपायलाच तयार नसेल तर काम सोपं आहे. /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स फोल्डरात लास्ट_फेल्ड_डेव्ह मध्ये अडवणाऱ्या डिव्हाईसचं नाव, लास्ट_फेल्ड_स्टेप मध्ये पायरी, आणि शेजारी एरर नंबर मिळतो. वजा १६ म्हणजे डिव्हाईस कामात आहे, वजा ११० म्हणजे उत्तरच आलं नाही.

याच्या उलट दुखणं म्हणजे झोपलेलं मशीन आपलं आपण जागं होणं. माझा स्वतःचा लॅपटॉप सांगलीतनं पुण्याच्या एसटीत बसलो की कराड येईस्तोवर बॅगेत तापलेला असायचा. उठल्यावर लगेच /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू वाचला तर कुठल्या इंटरप्टनं, म्हणजे हार्डवेअरनं मारलेल्या हाकेनं, उठवलं त्याचा नंबर मिळतो, तो /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये जुळवायचा. माझ्याकडं यूएसबी कंट्रोलर निघाला. वायरलेस माऊसचा डोंगल लॅपटॉपला तसाच, माऊस त्याच बॅगेत चालू, गाडीच्या धक्क्यानं माऊस हलला की मशीन जागं. त्या डोंगलच्या पॉवर फोल्डरातल्या वेकअप फाईलमध्ये डिसेबल्ड लिहिलं आणि संपलं. /प्रॉक/एसीपीआय/वेकअप मध्ये पण उठवणाऱ्यांची यादी असते, तिथं नाव लिहिलं की चालूचं बंद आणि बंदचं चालू होतं, पण तिथं अख्खा कंट्रोलर बंद होतो, त्यामुळं मी एकेका डिव्हाईसचंच करतो. आणि कुणी उठवत नसताना पण तापत असेल, एस२आयडल असेल आणि कर्नल नवा असेल तर सस्पेंड_स्टॅट्स मधली लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप बघा, त्यात हार्डवेअर खऱ्या खोल झोपेत किती मायक्रोसेकंद होतं ते येतं. तासभर झाकण लावून तिथं ० असेल तर प्रोसेसर खोल गेलाच नाही, कुठलातरी डिव्हाईस त्याला धरून बसलाय.

मामांकडं कार्ड रीडरचं मिटल्यावर आठवड्यानं परत फोन, आता काट्याचं वजन येत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी-सिरीयल केबलनं जोडलेला, तो आधी टीटीवाययूएसबी० होता आणि झोपून उठल्यावर टीटीवाययूएसबी१ झालेला. कारण वजनाचा प्रोग्राम जुना पोर्ट उघडा धरून बसलेला, केबलची वीज जाऊन आली, कर्नलनं तिला नवीन समजून पुढचा नंबर दिला. प्रोग्राममध्ये तो पोर्ट बदलून /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी मधला पत्ता दिला, तो केबलच्या ओळखीवरनं बनतो, नंबर बदलला तरी तोच राहतो. प्रोग्राम मात्र उठल्यावर एकदा बंद करून चालू करावा लागतो.

आणि काटा मशीन जागं असताना मधेच गप्प होत असेल तर ते सस्पेंडचं नाही, ते रनटाईम पॉवर मॅनेजमेंट. यूएसबीत ऑटोसस्पेंड लागू असेल तर डिव्हाईस नुसता पडून आहे असं दिसल्यावर, डीफॉल्टला २ सेकंदांत, कर्नल त्याला झोपवतो. त्याच्या पॉवर फोल्डरात कंट्रोल नावाची फाईल असते, ऑटो असेल तिथं ऑन लिहा म्हणजे त्याला कुणी झोपवणार नाही.

कार्ड रीडरचा कायमचा बंदोबस्त म्हणून /यूएसआर/लिब/सिस्टीमडी/सिस्टीम-स्लीप मध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवली. झोपायच्या आधी तिला प्री आणि उठल्यावर पोस्ट असा शब्द मिळतो, प्री ला मॉड्यूल काढायचं, पोस्ट ला परत घालायचं, आणि फाईलला एक्झिक्युटेबल करायचं. मग आरटीसीवेक, वजा एम नो, वजा एस ३० आणि त्यामागं सिस्टीमसीटीएल सस्पेंड असं लूपमध्ये लावलं (वजा एम मेम दिलं तर ही स्क्रिप्ट चालतच नाही), म्हणजे मशीन झोपतं, ३० सेकंदांनी घड्याळच त्याला उठवतं. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा मिनिट जागं ठेवा, नाहीतर उठता उठताच परत झोपवलं जातं. पन्नास फेऱ्या झाल्या, एकदाही अडकलं नाही, तेव्हा लॅपटॉप परत यार्डात नेऊन दिला. ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना पण पूर्ण डीमेसेज, कर्नलचा नंबर आणि पीएम_ट्रेसमध्ये आलेला पत्ता पाठवलाय. कर्नल अपडेट झाला की स्क्रिप्ट काढून त्याच पन्नास फेऱ्या परत लावतो, आणि तोपर्यंत ती तिथं राहू दे.