मोरासानचे चरित्र मराठीत लिहिताना

फ्रान्सिस्को मोरासान यांच्यावर चरित्रलेख लिहायचा असेल, तर जन्मापासून सुरुवात करू नये. ३ ऑक्टोबर १७९२ रोजी ते होंडुरासमधील तेगुसिगाल्पा येथे जन्मले, हे एका वाक्यात उरकावे. कारण मुंबईतला वाचक अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. ज्या देशाचे ते अध्यक्ष होते, तो आजच्या नकाशात सापडतच नाही. म्हणून आधी मध्य अमेरिकेचे संघराज्य मांडावे: ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका यांचे, १८२४ च्या राज्यघटनेने बांधलेले आणि पंधरा वर्षांतच विस्कटलेले.

काळ ओळखीच्या खुणांनी दाखवावा. मोरासान १८३० मध्ये अध्यक्ष झाले. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, तेव्हा ते त्या पदावर होते. एवढे सांगितले की काळ जवळ येतो. दोन्ही घटनांचा संबंध मात्र जोडू नये.

नावांचे उच्चार आधीच ठरवून घ्यावेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात इंग्रजी अक्षरांवरून 'मोराझान' आणि 'सॅन जोस' पडले होते. तिकडच्या स्पॅनिश उच्चारानुसार ते 'मोरासान' आणि 'सान होसे' होतात.

खरी मेहनत १८३७ वर घ्यावी. ग्वाटेमालाच्या उदारमतवादी सरकारने ज्यूरीची न्यायपद्धती आणली, नागरी विवाहाला मान्यता दिली. आर्चबिशपला तर मोरासान यांनी १८२९ मध्येच देशाबाहेर घालवले होते. त्यात पटकीची साथ आली आणि सरकारनेच पाण्यात विष कालवले, अशी आवई खेड्यांत उठली. ग्वाटेमालातील खेडुतांचे पुढारी राफाएल कारेरा यांचे बंड या संशयावर पोसले गेले. केवळ 'अडाणी लोक भडकले' असे लिहून येथून निसटणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. १८९६ च्या प्लेगात आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेलेले गिरणी कामगार आठवावेत. वरून लादलेला उपाय आणि परका वाटणारा अधिकारी एकत्र आले की औषधाचीही भीती वाटते, हे मुंबईकराला वेगळे समजवावे लागत नाही.

१८३४ च्या निवडणुकीचा तपशील गाळू नये: तेव्हा अध्यक्षपदी मोरासान यांचे प्रतिस्पर्धी होसे सेसिलिओ देल व्हाये निवडून आले होते, पण पदग्रहणापूर्वीच वारले, आणि पद मोरासान यांच्याकडेच राहिले. 'लोकांचा लाडका नेता' हे विशेषण लेखणीवर आले की ही नोंद वाचावी.

शेवटी भाषा आवरावी. १८४० मध्ये कारेरांकडून पराभव, परागंदा होणे, १८४२ मध्ये कोस्टा रिकात सत्ता घेणे आणि काही महिन्यांतच तेथील लोकांचा उठाव, हे भराभर सांगावे. १५ सप्टेंबर १८४२ रोजी सान होसे येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गोळीबाराचा हुकूम त्यांनी स्वतःच दिला. तो दिवस मध्य अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एकविसावा वर्धापनदिन होता. या प्रसंगाला पोवाड्याचा सूर लावू नये. मुलाला सांगून लिहवलेल्या मृत्युपत्रात आपले अवशेष एल साल्वादोरला द्यावेत असे त्यांनी नमूद केले होते, ते तेवढेच सांगून थांबावे.