स्वस्त हँडहेल्ड घेताय? मारिओ पळाला म्हणून पैसे मोजू नका

बेळगावच्या खडे बाजारात असो नाहीतर ऑनलाइन, रेट्रो हँडहेल्ड, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातातलं मशीन, घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "गेम किती आहेत?" दहा हजार म्हटलं की खूश. त्यात एकच गेम चार नावांनी असतो, आणि बहुतेक विनापरवाना भरलेले. चिप कुठली, ते मात्र कुणी विचारत नाही.

मग दोन मिनिटं मारिओ पळवून "एकदम स्मूथ!" अहो, १९८५ चा गेम तो, कशावरही पळतो. मी सुपर निन्टेंडो या जुन्या गेम मशीनचा 'योशीज आयलंड' लावतो. त्याच्या मूळ कार्ट्रिजमध्येच सुपर एफएक्स २ ही जादा चिप होती, तिचं कामही इम्युलेटरला, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, करावं लागतं. कमजोर मशीनचा आवाज तिथे तुटतो. खोक्यावरच्या 'पीएसपी' (सोनीचं हातातलं प्लेस्टेशन) या शब्दावर तर जाऊच नका. आर३६एस या स्वस्त हँडहेल्डमधली आरके३३२६ चिप प्लेस्टेशन १ झकास चालवते, पीएसपीचे हलके गेमही ओढते. 'गॉड ऑफ वॉर'सारख्या जड पीएसपी गेमला मात्र तिचा दम निघतो.

डी-पॅड, म्हणजे दिशांचं अधिक चिन्हासारखं बटण, टेट्रिसवर तपासा. डावीकडे दाबताना तुकडा मध्येच खाली सटकायला लागला तर मशीन परत द्या.

आता सगळ्यात चीड आणणारी चूक. निपाणीचा एक कॉलेजचा पोरगा माझ्याकडे आर३६एस घेऊन आला. "काका, चालूच होईना झालंय की." झालं होतं असं: गेम टाकायला त्याने मशीनचं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं. त्यात लिनक्सचे भाग असतात, ते विंडोजला वाचता येत नाहीत, म्हणून विंडोज 'फॉरमॅट करू का?' विचारतं. पोराने न वाचता होय म्हटलं. तरीही बूटचा, म्हणजे मशीन सुरू करणारा, भाग शाबूत होता. पण धीर कुणाला? व्हिडिओ बघून त्याच कार्डावर नवीन आर्कओएस (या मशीनवर चालणारी सिस्टीम) चढवली, आणि तोही भाग पुसला गेला. आता आवाज येतोय, पण स्क्रीन काळी. मोबाइल रिपेअरवाला म्हणे डिस्प्ले बदला! डिस्प्ले ठणठणीत होता. आर३६एसमध्ये वेगवेगळे डिस्प्ले पॅनल येतात आणि प्रत्येकाला आपापली डीटीबी फाइल, म्हणजे कुठलं पॅनल आहे ते सिस्टीमला सांगणारी फाइल, लागते. या मशीनची फाइल त्या पुसलेल्या बूटमध्ये होती. एकेक फाइल टाकून बघत बसलो, पोरगा मात्र सारखं "झालं का काका?" शेवटी एकदाचं चित्र आलं. त्याचे सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, गेले ते गेलेच.

माझी सवय: मशीन आलं की गेम लावायच्या आधी मूळ कार्डाची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, संगणकावर. ती नव्या, नावाजलेल्या कंपनीच्या कार्डावर उतरवायची आणि मूळ कार्ड डबीत ठेवायचं. नवं कार्डही आधी एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने तपासायचं, कारण खोट्या क्षमतेची कार्डं सर्रास विकतात.

सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी) केबलने चार्ज होत नसेल तर मशीन बिघडलंय म्हणून बोंबलू नका. स्वस्त मशीनमध्ये त्यासाठीचे रेझिस्टर बहुधा नसतात. जुनी ए-टू-सी केबल लावा.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र २४० बाय १६०. ते ६४० बाय ४८० च्या पडद्यावर पूर्ण ताणू नका; दुप्पट करा, कडेला काळं राहू दे.

आणि रेट्रोआर्क या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गेममधला सेव्ह मूळ सेटिंगला अशा मशीनवर बहुधा गेम बंद करतानाच कार्डावर लिहिला जातो. म्हणून आधी मेनूतून गेम बंद, मग मशीन. रिसेट दाबून उठणाऱ्यांनी पुन्हा पहिल्या लेव्हलपासून खेळावं.