खानदेशात लांबची सायकल राइड: सोबत काय घ्यावं

सामान काढायला बसण्याआधी वाट ठरवा. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगाव गाठायचं असेल, तर महामार्गावर चहा, पाणी, जेवण सगळं मिळतं. तिथे हलकं निघा. शहाद्याहून तोरणमाळ चढायचं असेल, तर घाटाच्या पायथ्याशीच लागेल ते सगळं पिशवीत हवं. वाटेत विकत मिळणारी वस्तू थोडी घ्या, न मिळणारी जास्तीची घ्या. खाणं पहिल्या वर्गात येतं, ट्यूब दुसऱ्या.

आपल्याकडे पंक्चर होणारच, असं धरून चला. कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या फांद्या ट्रॅक्टरमधून नेताना काटे रस्त्यावर सांडतात आणि पावसाळा सरला की कडेला सराटा पसरलेला असतो. गावच्या सायकल दुकानात साध्या काळ्या सायकलची ट्यूब मिळते. गिअरवाल्या सायकलची बहुतेक वेळा नसते. म्हणून दोन ट्यूब घ्याच. माप टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, ७०० बाय २८ वगैरे, ते पाहूनच घ्या. वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर छोटा पितळी अडॅप्टर ठेवा, म्हणजे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. मात्र हवा थोडी थोडी भरायला सांगा.

यासोबत हातपंप, टायर रिममधून उचकटायचे दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन आणि पॉलिश पेपर. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की आतल्या आत वाळते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दाबून बघा. ४, ५ आणि ६ नंबरची एलन की, चेनची पिन काढायचं चेन टूल आणि तुमच्या चेनच्या स्पीडला, म्हणजे मागच्या गिअरांच्या संख्येला, जुळणारी एक जोडकडी. जुन्या टायरचा बोटभर तुकडाही असू द्या. टायर चिरलं तर तो आतून लावून घरापर्यंत येता येतं.

पंक्चर काढताना घाई नको. ट्यूब बाहेर काढली की टायरच्या आतून सुती फडकं हळूहळू फिरवा. बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक डोळ्यांना दिसत नाही, पण त्यात कापसाचा धागा अडकतो. ते टोक काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही पुढच्या फाट्यापर्यंत बसते. पॅच लावताना जागा खरवडा, सोल्यूशनचा पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मगच पॅच दाबा.

पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या सायकलवरच्या स्टँडमध्ये, आणि सातपुड्याकडे जाणार असाल तर तिसरी पिशवीत. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. बाटलीवर ओला सुती मोजा चढवा. आपल्या कोरड्या हवेत पाणी माठासारखं गार राहतं. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. ओआरएसची पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. एप्रिल-मे मध्ये मात्र लांबची राइड करूच नका. जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यावर कुठल्याही सामानाचा इलाज नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस.

खाण्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी यापुढे मला पाकीटबंद बार फिके वाटतात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा, सायकलवर बसल्या बसल्या खाता येतात. केळी घरून नेऊ नका, पिशवीत चिरडतात. यावल-फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यात ती पावलोपावली मिळतात. शेवभाजी मुक्कामी खा, मधल्या थांब्यावर नको.

कपडे कमीच. पॅडची चड्डी, एक जादा जोड, मानेवर घ्यायला सुती रुमाल आणि थंडीच्या पहाटेसाठी विंडचीटर. हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा यांत तडजोड नको. उसाच्या आणि केळीच्या गाड्यांमागे धूळ उडते तेव्हा मागचा लाल दिवा भरदिवसाही लावा. सुटे पैसे, ओळखपत्र, पॉवर बँक, रोजची औषधं आणि घरच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून ठेवा. डोंगरात मोबाइलला रेंज नसली की ऑनलाइन पैसेही जात नाहीत. रेंज असेल तिथे मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

भरताना जड वस्तू खाली आणि मध्ये, म्हणजे फ्रेमच्या पिशवीत. ट्यूब आणि लिव्हर सीटखाली. पाठीवर सॅक नको. पाठ घामाने भिजते आणि खांदे दुखतात. सगळं बांधून झालं की आदल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या खराब रस्त्यावर एक चक्कर मारा. काही खडखडलं, चाकाला घासलं किंवा मांडीला लागलं, तर तिथेच उतरून पट्टे पुन्हा आवळा.