विकतचा नान घरी खुलवताना
पाकिटातला नान कडक लागतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. भाजल्यानंतर थंड होताना मैद्यातील स्टार्च घट्ट होतो आणि पुन्हा ओलसर उष्णता मिळाली की सैल पडतो. म्हणून नानाच्या दोन्ही बाजूंना ओला हात फिरवून तो चांगल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकावा, झाकण ठेवावे आणि मिनिटभराने उलटावा. मग चिमट्यात धरून काही सेकंद थेट आचेवर फिरवल्यास कडांना काळसर डाग पडतात व खरपूस वास येतो. मायक्रोवेव्ह शक्यतो टाळावाच. त्यात नान लवकर चिवट होतो. ठेचलेला लसूण लोण्यात मंद आचेवर, रंग न बदलू देता परतावा, त्यात कोथिंबीर घालावी आणि हे लोणी नान आचेवरून उतरवल्यावरच लावावे, कारण आधी लावल्यास लसूण करपून कडवट लागतो.