गावाच्या हवामान आराखड्यातली कामं: आधी वर्गवारी, मग खर्च

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शेततळं, बांधबंदिस्ती, सौर पंप असं सगळं ‘हवामान बदल’ या एकाच मथळ्याखाली कोंबलं जातं. मग कोणतं काम स्वस्त पडतं हे कळायला मार्गच उरत नाही. रुपयांचा आकडा लिहायच्या आधी प्रत्येक कामापुढे तीन रकाने भरा.

पहिला रकाना धोक्याचा: पावसातला खंड, अतिवृष्टी, गारपीट की उष्णता? सौर पंप यातल्या कुठल्याच धोक्यावरचा उपाय नाही. त्याने डिझेल वाचतं, म्हणून तो वेगळा, उत्सर्जन कपातीत (हवेत जाणारा धूर-कार्बन कमी करणं) घाला. दुसरा कामाच्या प्रकाराचा: बांधकाम, पीकपद्धतीतला बदल (रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन), माहितीची सोय (पर्जन्यमापक, सल्ला) किंवा जोखीम वाटून घेणं (पीक विमा). तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात. पाऊसमान आहे तसंच राहिलं तरी काम परवडेल का, आणि त्याचा तोटा दुसऱ्या कुणाला होतो का?

शेततळ्यात हा तिसरा प्रश्न कळीचा. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवलं तर तळं खंडावरचा उपाय. तेच बोअरने भरलं तर शेजाऱ्यांच्या विहिरींचं पाणी उघड्यावर आणून वाळवणं. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला 7 मिमी बाष्पीभवन धरलं तरी रोज 6,300 लिटर पाणी उडतं. असं काम यादीतून काढाच, अनुदान मिळत असलं तरी.

आता खर्च. 30×30×3 मीटर, बाजूचा उतार 1:1 धरला तर खोदाई 2,196 घनमीटर भरते. (भुसभुशीत मातीत 1:1 उतार ढासळतो, आडवा 1.5 आणि उभा 1 घेतला तर क्षमता 1,971 वर येते.) खालचे दर फक्त गणित कळावं म्हणून घेतले आहेत, तुमच्या जिल्ह्याच्या दरसूचीतले टाका. घनमीटरला 60 रुपयांनी खोदाई 1,31,760. तळ्यात अंथरायच्या प्लास्टिक कागदाचं क्षेत्र तळ आणि उतार मिळून 1,034 चौरस मीटर, काठावरच्या चरात दाबायला धरून 1,160. चौरस मीटरला 120 रुपयांनी 1,39,200. कुंपण 39,000.

ही बेरीज आयुष्यमानाने थेट भागू नका. खोदाई 20 वर्षं टिकते, कागद 7, कुंपण 10, म्हणून प्रत्येकाचा वार्षिक हप्ता वेगळा काढा. महागाई वगळून 8 टक्के व्याजदराने गुणक (मूळ खर्चाला याने गुणलं की वर्षाचा हप्ता मिळतो) अनुक्रमे 0.102, 0.192 आणि 0.149 येतात. हप्ते झाले सुमारे 13,400, 26,700 आणि 5,800. गाळ काढणं आणि डागडुजी 6,000. वर्षाला साधारण 52,000 रुपये. सगळ्यात जड हप्ता खोदाईचा नाही, कागदाचा आहे. तळातला टोकदार दगड न वेचता कागद अंथरला तर तो सात वर्षं कसला टिकतोय!

या वार्षिक खर्चाचा भागाकार क्षमतेने नको, हाती येणाऱ्या पाण्याने करा. काठाखालचा अर्धा मीटर मोकळा ठेवला की 435 घनमीटर कमी. पावसाळ्यानंतरच्या चार महिन्यांतलं बाष्पीभवन सुमारे 400. उरतं साधारण 1,350 घनमीटर, म्हणजे एका हेक्टरला 50 मिमीच्या सुमारे पावणेतीन पाळ्या. घनमीटरला 38 रुपये पडले. क्षमतेने भागलं असतं तर 24 दिसले असते. तीन वर्षांतून दोनदाच तळं भरलं तर 58. हा तिसरा आकडा आराखड्यात हवाच, कारण खंडाच्या वर्षीच ते भरायची शाश्वती नसते.

अंदाजपत्रक फसतं ते मुख्यतः खोदाईत. चाचणी खड्डा न घेता सगळी माती धरतात, खाली कठीण खडक लागतो आणि दर कितीतरी पटीने चढतो.

रस्त्याची मोरी कशीही बांधायचीच असेल तर पूर्ण खर्च हवामानाच्या खात्यात टाकू नका. 900 ऐवजी 1,200 मिमी नळ घातला तर पाणी जायला 78 टक्के जास्त जागा मिळते; तेवढ्या फरकाची रक्कम अनुकूलनाची (बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची), बाकी नेहमीची. विम्यात उलटी चूक होते. पंतप्रधान पीक विमा योजनेत अन्नधान्य आणि तेलबियांना शेतकऱ्याचा हिस्सा खरिपात विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के आणि रब्बीत 1.5 टक्के असा ठरलेला. तोच खर्च म्हणून लिहितात. सरकारी हिस्सा धरून पूर्ण हप्ता लिहा. आणि विम्याने पीक वाचत नाही, नुकसान फक्त वाटलं जातं, म्हणून त्याची तुलना शेततळ्याशी एकाच तक्त्यात करू नका.