देश एकटा आणि समोर अख्खा गट: मुक्त व्यापार कराराची बोलणी कशी करायची

पहिलं काम म्हणजे समोर जो गट बसलाय तो नक्की कसला आहे ते नीट बघा. युरोपियन युनियन ही कस्टम्स युनियन आहे, बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांची ड्युटी एकच, त्यामुळे ड्युटीचं बोलणं एकाच टेबलावर होतं. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांचा गट, तसं नाही, तिथे प्रत्येक देशाची ड्युटी वेगळी, म्हणजे करार नावाला एक आणि सवलतींच्या याद्या देशागणिक वेगळ्या, आणि हे उशिरा लक्षात आलं तर तयारीच्या वेळी केलेला सगळा हिशोब परत करावा लागतो.

मग त्यांच्याकडे द्यायला काय शिल्लक आहे ते शोधा, हे फार लोक करत नाहीत. एफ्टाचंच बघा ना (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन यांचा गट), त्यातल्या स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरची आयात ड्युटी सगळ्यांसाठीच काढून टाकली, मग तीच ड्युटी कमी करा म्हणून भांडून हातात काय येणार? भारताने एफ्टाशी मार्च २०२४ मध्ये करार केला त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट लिहून घेतलं आणि ते झालं नाही तर ठरलेल्या सल्लामसलतीनंतर आपल्या सवलती मागे घ्यायची सोयही ठेवली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा माणूस 'हो' म्हणाला तरी ते 'हो' कुणाचं आहे? युरोपियन कमिशन बोलणी करतं पण सदस्य देशांच्या कौन्सिलने दिलेल्या मॅंडेटमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या अधिकारात राहून, मग युरोपियन पार्लमेंटची मंजुरी लागते, आणि करारात काही विशिष्ट विषय आले तर प्रत्येक देशाच्या संसदेचीसुद्धा. कॅनडाचा करार ऑक्टोबर २०१६ मध्ये सहीच्या तोंडावर आला आणि बेल्जियममधल्या वालोनिया या एका प्रांताने अडवला. पुढे २०१७ मध्ये सिंगापूरच्या कराराबद्दल युरोपियन कोर्टाने सांगितलं की गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातले वाद सोडवण्यासारखे भाग युनियन एकटी मंजूर करू शकत नाही, म्हणून मग व्यापाराचा करार वेगळा आणि गुंतवणूक संरक्षणाचा वेगळा असे दोन केले. तुम्हीही असंच वेगळं करायला सांगा, व्यापाराचा भाग लवकर लागू होतो. इंडोनेशिया आणि एफ्टाचा करार तर पाम तेलाच्या वादावरून मार्च २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सार्वमतात गेला आणि जेमतेम ५१.६ टक्क्यांनी वाचला. तेव्हा राजधान्यांमध्येही जा, तिथल्या शेतकरी संघटना आणि कामगार संघटना काय म्हणतात ते ऐका, फक्त चीफ निगोशिएटरवर विसंबू नका.

घरची तयारी हे सगळ्यात कष्टाचं काम. एचएस कोडप्रमाणे (मालाच्या वर्गवारीचे जगभर चालणारे क्रमांक) एकेक ओळ घेऊन बसायचं, काय लगेच मोकळं करणार, काय ५-१० वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि कशाला हातच लावू देणार नाही. सगळंच काही बाहेर ठेवता येत नाही, गॅट या जागतिक व्यापार कराराच्या २४व्या कलमाप्रमाणे 'जवळजवळ सगळा' व्यापार आत यावा लागतो (विकसनशील देश आपसात करार करत असतील तर नियम सैल आहेत). छोट्या शेतकऱ्यांना आणि छोट्या कारखान्यांना या टप्प्यावरच विचारा, नंतर विचारणं म्हणजे त्यांना नुसतं कळवणं झालं.

रुल्स ऑफ ओरिजिनला मात्र ड्युटीइतकाच वेळ द्या, प्लीज. माल कुठे 'बनला' हे ठरवणारे नियम कडक झाले तर ड्युटी शून्य असूनही तुमचा निर्यातदार कागद पुरे करू शकत नाही, आणि फार सैल झाले तर तिसऱ्याच देशाचा माल गटातल्या एखाद्या देशातून लेबल बदलून आत येतो. गटाशी बोलताना क्युम्युलेशन येतंच, म्हणजे एका सदस्याचं कापड दुसऱ्याने शिवलं तरी ते गटाचंच धरलं जातं. तुमचा कच्चा मालही त्यात मोजला जाईल ना हे स्पष्ट लिहून घ्या. आणि एका देशात ड्युटी भरून उतरलेला माल शेजारच्या सदस्य देशात गेला की परत ड्युटी लागणार का हेही विचारा.

सेवा, पेटंट, सरकारी खरेदी यांचे वेगळे गट करा आणि प्रत्येकाला त्या त्या खात्याचा माणूस द्या. अन्नाच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रं यांत मात्र ढिलाई नको, कारण ड्युटी गेल्यावर माल बंदरात अडतो तो तिथेच.

तारखेच्या दबावाखाली सही करू नका. युरोप आणि मर्कोसुर या दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या गटाची बोलणी १९९९ ला सुरू झाली, २०१९ ला झाली असं जाहीर केलं, मग पर्यावरणावरून परत उघडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्यांदा संपली. एवढं ताणायचं नसेल तर पर्यावरणासारखे विषय पहिल्या राऊंडलाच टेबलावर आणा आणि करारात सेफगार्ड, संयुक्त समिती आणि ठरावीक वर्षांनी फेरआढाव्याचं कलम टाकून घ्या, म्हणजे आयात अचानक वाढली तर नेमकं काय करायचं, कुणाकडे जायचं आणि किती दिवसांत उत्तर मिळायला हवं हे आधीच लिहिलेलं असेल.